रेड वाइनच्या पिंपातली बर्बन : नाकापेक्षा हिरड्यांना विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांचा भाचा मे महिन्यात न्यू जर्सीहून आला आणि येताना त्याने जेफरसन्स रिझर्व्हची ‘प्रिचर्ड हिल कॅबर्ने कास्क फिनिश’ ही बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकी व्हिस्कीची, बाटली आणली. ही बर्बन शेवटी कॅबर्ने या रेड वाइनच्या पिंपांत मुरवलेली असते. पहिल्या रात्री बर्फाशिवाय, चीजच्या तुकड्यांबरोबर घेतली तेव्हा ती त्यांना जांभळाच्या सरबतासारखी गोड लागली. दोन दिवसांनी आमरसाच्या जेवणानंतर बर्फाचा मोठा खडा टाकून घेतली, तेव्हा तीच बर्बन कडू, कोरडी आणि तोंड आवळणारी लागली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : बाटली बिघडली का, यात बर्बन किती आणि वाइनचे पिंप किती हे चवीवरून कसे ओळखायचे, आणि वाइनचे पिंप ही कोवळी दारू झाकण्याची युक्ती तर नव्हे ना.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते. बाटली बिघडलेली नाही, आणि आपल्या जिभेचेही काही चुकलेले नाही. दोन्ही रात्री आपण एकच द्रव प्यायलात, पण तो दोन निरनिराळ्या तोंडांनी. पहिल्या रात्री चीजमधल्या प्रथिनांनी आणि स्निग्धांशाने या बर्बनचा तुरटपणा परस्पर गिळला; कडक चहात दूध घातल्यावर त्याचा कडवट तुरटपणा जसा बसतो, तसेच हे झाले. दुसऱ्या रात्री आमरसाने जीभ गोडाला इतकी सरावली होती की बर्बनमधला गोडवा तिला जाणवेनासा झाला, आणि त्यात बर्फाने गंध दाबून टाकले. थंडाव्यात सुगंध उडत नाही, मात्र तुरट आणि कडू चव अधिक धारदार होते. रेड वाइन फ्रीजमधून काढून लगेच प्यायली तर ती अशीच रागावलेली लागते. म्हणजे चीजने एक अर्धे झाकले आणि आमरस-बर्फाने दुसरे. आपण ज्या दोन चवी सांगितल्यात त्या दोन्ही या बाटलीत खरोखरच आहेत, आणि त्या एकत्र कशा पाहायच्या हाच या उत्तराचा विषय आहे.

मी काही हंगाम नाशिककडच्या एका वायनरीच्या तळघरात आणि त्यानंतर बरीच वर्षे गोव्यात माल्ट व्हिस्की मुरवणाऱ्या एका गोदामात काम केले. त्यामुळे ज्या पिंपांतून वाइन बाहेर पडते आणि ज्या पिंपांत दारू आत जाते, त्या दोन्ही टोकांशी माझा परिचय आहे. आमच्या व्यवसायात सगळे बॅरलच म्हणतात, पण इथे पिंप म्हणते. ‘फिनिश’ या शब्दाचा मात्र आधीच उलगडा करायला हवा, कारण तो दोन अर्थांनी वापरला जातो. लेबलवरचा ‘कास्क फिनिश’ म्हणजे तयार दारू शेवटचे काही आठवडे किंवा महिने दुसऱ्या पिंपात मुरवणे; चवीच्या नोंदीतला ‘फिनिश’ म्हणजे घोट गिळल्यावर मागे राहणारी चव. या दुसऱ्या अर्थासाठी मी ‘मागची चव’ असेच म्हणेन.

अमेरिकेच्या नियमांनुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान 51 टक्के मका लागतो, ऊर्ध्वपातनात तिची तीव्रता 80 टक्क्यांवर जाऊ द्यायची नसते, पिंपात भरताना ती 62.5 टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि ते पिंप ओकचे, कोरे व आतून जाळलेले असावे लागते. बाटलीत भरताना किमान 40 टक्के मद्यार्क हवा, आणि वरून रंग किंवा स्वाद घालण्यास मनाई आहे. वाइनचे वापरलेले पिंप या चौकटीत बसत नाही. म्हणून अशा बाटलीला नुसते ‘बर्बन’ म्हणून विकता येत नाही. ‘अमुक पिंपात फिनिश केलेली बर्बन’ असे पूर्ण विधान लेबलवर द्यावे लागते आणि कायद्याच्या दृष्टीने ती वेगळ्या, विशेष वर्गातली दारू ठरते. दुसऱ्या पिंपात किती दिवस ठेवावी याला किमान मर्यादा नाही. एक महिना ठेवणारा आणि दीड वर्ष ठेवणारा असे दोघेही तोच शब्द छापतात. आपला तिसरा प्रश्न याच फटीतून निर्माण होतो.

ही पद्धत बर्बनमध्ये तुलनेने अलीकडची आहे. स्कॉटलंडमध्ये बाल्व्हेनीची ‘डबलवुड’ ही दोन प्रकारच्या पिंपांत मुरवलेली व्हिस्की 1993 साली बाजारात आली. केंटकीतल्या वुडफर्ड रिझर्व्हने 2007 साली सोनोमा-कट्रर या वायनरीच्या शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या पिंपांत आणि 2014 साली तिच्याच पिनो न्वार या रेड वाइनच्या पिंपांत मुरवलेल्या मर्यादित आवृत्त्या काढल्या. वुडफर्ड रिझर्व्ह बनवणाऱ्या ब्राउन-फोरमन या कंपनीत आयुष्य घालवलेल्या लिंकन हेंडरसन यांनी निवृत्तीनंतर मुलाबरोबर लुइव्हिलमध्ये ‘एंजल्स एन्व्ही’ सुरू केली आणि रूबी पोर्टच्या पिंपातली बर्बन घरोघर पोहोचवली. पोर्ट आणि आपली कॅबर्ने यांत मात्र गल्लत करू नये. पोर्ट ही गोड वाइन आहे, तिच्यात लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर उरलेली असते आणि पिंपाच्या लाकडात ती मुरलेली असते. कोरड्या कॅबर्नेत साखर जवळजवळ नसतेच. तेव्हा आपल्याला ‘सरबतासारखी गोड’ लागलेली चव कॅबर्नेच्या पिंपातल्या साखरेची असूच शकत नाही.

मग ती आली कुठून? नाकातून. पिकलेल्या फळाचा आणि व्हॅनिलाचा वास आला की आपला मेंदू त्याला गोड म्हणून टाकतो, कारण आयुष्यभर ते वास गोडाबरोबरच आलेले असतात. याची खात्री एका मिनिटात करता येते. बोटांनी नाक घट्ट दाबून धरावे, छोटा घोट घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि नाक न सोडता पाच सेकंद थांबावे. जांभूळ नाहीसे होते, व्हॅनिला नाहीशी होते. उरते ती मद्याची ऊब, किंचित गोडसरपणा, थोडा कडवटपणा आणि हिरड्यांवरचा ताण. नाक सोडताच सगळी फळे एकदम परत येतात. नव्या मुलामुलींना शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ‘अरेच्चा’ म्हणतेच.

वाइनच्या पिंपाचा शोध घेताना नाकावर सर्वांत कमी विसंबावे, हे माझे म्हणणे त्यातूनच येते. जुन्या, चांगल्या बर्बनलाही मनुका, सुकी चेरी, अंजीर असे वास असतात. ते जाळलेल्या ओकमधून आणि दीर्घ काळ मुरण्यातून येतात, त्यांना द्राक्षांची गरज नसते. लेबलवर ‘कॅबर्ने’ वाचले की आपण त्याच वासांना वाइन म्हणू लागतो. हिरड्यांना मात्र लेबल वाचता येत नाही.

हिरड्यांना जे कळते ते टॅनिन. या शब्दाचे मूळ कातडे कमावण्याच्या क्रियेत आहे. कोल्हापुरी चपलांचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरडा या फळाने कमावतात. त्या साली-फळांतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधून टाकते. तोंडात तेच छोट्या प्रमाणावर घडते. लाळेतल्या गुळगुळीत प्रथिनांना टॅनिन बांधते, वंगण जाते आणि गाल दातांवर घासू लागतात. मराठीत याला ‘तुरट’ असा नेमका शब्द आहे, ही आपली फार मोठी सोय आहे. कात, सुपारी, कच्चे केळे, काजूचे बोंड, डाळिंबाची साल असे तुरटाचे कितीतरी प्रकार आपल्या घरात लहानपणापासून ओळखीचे असतात आणि ते सारखे नसतात. काजूच्या बोंडाचा तुरटपणा घशात धरतो, कातेचा जिभेच्या मध्यावर पसरतो, डाळिंबाच्या सालीचा पुढच्या दातांमागे बसतो.

आता या बर्बनमध्ये तुरटपणाचे दोन उगम आहेत, आणि ते वेगळे ओळखणे हेच खरे काम आहे. पहिला उगम अमेरिकी ओकच्या कोऱ्या, जाळलेल्या पिंपाचा. हा ओक व्हॅनिला देतो, नारळासारखा वास देणारे लॅक्टोन देतो, लवंगेचा युजेनॉल देतो. त्याचे टॅनिन वरच्या जळक्या थरामुळे बरेच मवाळ झालेले असते. दुसरा उगम वाइनच्या पिंपाचा. ही पिंपे बहुधा फ्रेंच ओकची आणि 225 लिटरची असतात, तर बर्बनचे नेहमीचे पिंप 200 लिटरच्या आसपास असते. फ्रेंच ओकच्या लाकडात टॅनिन अधिक आणि नारळाचा वास कमी. शिवाय वाइनचे पिंप जाळलेले नसून फक्त शेकलेले असते, त्यामुळे लाकडाचा मूळ ताठपणा शिल्लक राहतो. त्यावर द्राक्षांच्या साली व बियांमधून वाइनमध्ये उतरलेले टॅनिन लाकडात काही मिलिमीटर खोल झिरपलेले असते. प्रिचर्ड हिल हा कॅलिफोर्नियातल्या नापा दरीच्या पूर्वेकडचा डोंगर आणि ही पिंपे तिथल्या शापेले या 1967 साली सुरू झालेल्या वायनरीची. डोंगरावरची ती कॅबर्ने मुळातच दाट आणि टॅनिनने भरलेली असते, तेव्हा तिच्या पिंपाने बर्बनला पकड द्यावी यात नवल नाही.

बर्बनच्या ओकचा तुरटपणा मला घोटाच्या मध्यावर, जिभेच्या कडांशी जाणवतो आणि त्याच्याबरोबर लवंग-जायफळाची ऊब असते. तो जळक्या गुळासारख्या कडवटपणात विरून जातो. वाइनच्या पिंपाचा तुरटपणा उशिरा येतो. घोट गिळून झालेला असतो, मद्याची ऊब ओसरू लागलेली असते, आणि मग वरच्या ओठाच्या आत, पुढच्या दातांच्या मुळाशी डाळिंबाच्या सालीसारखी एक कोरडी रेघ उमटते. जीभ तिथे नेऊन फिरवली तर हिरडी रेशमासारखी न लागता सुती कापडासारखी लागते. हे मला जवळजवळ प्रत्येक रेड वाइन फिनिशमध्ये सापडले आहे. फरक असतो तो रेघ किती रुंद आणि किती काळ टिकते याचा.

प्रत्यक्ष चव घेताना सकाळची अकराची वेळ उत्तम, कारण तेव्हा तोंड स्वच्छ असते आणि भूक नुकती जागी होत असते. नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यावी. टॅनिनचा परिणाम साचत जातो. दुसरा घोट पहिल्यापेक्षा आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा तुरट लागतो, बर्बन तीच असूनही. म्हणून दोन घोटांत तीन-चार मिनिटे जाऊ द्यावीत, मध्ये कोमट पाण्याने चूळ भरावी आणि साध्या पावाचा तुकडा चावावा. चिवडा, शेंगदाणे, चकली यांतले काहीही समोर नसावे. पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. नसेल तर वाइनचा लहान पेला चालतो, स्टीलचा चालत नाही. पेल्यात 15 ते 20 मिलिलिटर पुरे. पुण्यात मे महिन्यात खोलीचे तापमान 35 अंशांच्या घरात गेले असेल तर मद्याची वाफच नाकात भरते. बाटली फ्रीजच्या दारात ठेवून 20-22 अंशांपर्यंत आणावी, त्याहून थंड करू नये.

एकटी बाटली चाखून दुसरे पिंप ओळखता येत नाही. शेजारी साधी बर्बन हवीच. भाच्याला पुढच्या खेपेस साधी जेफरसन्स रिझर्व्ह आणायला सांगावे, कारण तिची तीव्रताही 45.1 टक्केच आहे आणि तुलना सरळ होते. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे त्यात अडचण येऊ नये. दोन्ही बाटल्यांतली मूळ दारू तंतोतंत एकच असेल असे धरून मात्र चालू नये. घराणे एक आहे इतकेच. तोवर इथे मिळणारी मेकर्स मार्क चालेल. तिची तीव्रता 45 टक्के म्हणजे जवळपास तीच आहे, परंतु तिच्या मिश्रणात राय या धान्याऐवजी गहू असल्याने मिरीचा तिखटपणा कमी असतो, हे लक्षात ठेवावे. जिम बीम व्हाइट 40 टक्क्यांची आहे. ती शेजारी ठेवायची तर आपल्या बर्बनच्या 20 मिलिलिटरमध्ये अडीच मिलिलिटर पाणी घालून दोन्ही एका पातळीवर आणावीत, नाहीतर तीव्रतेतला फरक आपण पिंपाच्या खाती टाकू.

साधी बर्बन आधी, फिनिश केलेली नंतर, हा क्रम उलटवू नये. साधीमध्ये काकवी, शेकोटीवर भाजलेले मक्याचे कणीस, व्हॅनिला, ओल्या नारळाची पुसट छटा आणि शेवटी लवंग सापडेपर्यंत थांबावे. मग दुसऱ्या पेल्याकडे वळावे आणि ‘काय जास्त आहे’ असे विचारण्याआधी ‘काय कमी झाले’ असे विचारावे. हा माझा जुना हट्ट आहे. नवे फळ सगळ्यांना सापडते. नारळ मागे सरला, मका पुसट झाला, लवंगेवर कोकोची भुकटी पडली, हे थोड्यांनाच दिसते. या बाटलीत मला पहिल्या दोन मिनिटांत काकवी आणि व्हॅनिलाच भेटते. पाचव्या मिनिटाच्या सुमारास सुके अंजीर, जास्त पिकलेले जांभूळ आणि गोड न केलेला कोको वर येतो. तोंडात मध्यापर्यंत ती पूर्णपणे बर्बन असते, आणि गिळल्यावर वर सांगितलेली कोरडी रेघ येते व मिनिटभर राहते. मका शेवटपर्यंत नाहीसा होत नाही, ही मला या बाटलीची जमेची बाजू वाटते. रंगाकडे फार लक्ष देऊ नये. तांबूस झाक दिसतेच, पण ती चवीबद्दल फारसे सांगत नाही.

घरी करून पाहण्यासारखा आणखी एक प्रयोग आहे, आणि तो मी तळघरात असताना केवळ कुतूहलापोटी केला होता. साध्या बर्बनच्या 50 मिलिलिटरमध्ये औषधाच्या ड्रॉपरने 1 मिलिलिटर कोरडी कॅबर्ने टाकावी आणि चाखावी. वाइनची पिंपे रिकामी झाली तरी लाकडाच्या पोटात काही लिटर वाइन शिल्लक असते आणि ती नव्या दारूत उतरते. हा 2 टक्क्यांचा थेंब म्हणजे त्या उरलेल्या वाइनची नक्कल आहे. पेल्यात लगेच गुलाबी झाक येते, नाकाला लाल फळ मिळते, पण मागची चव जवळजवळ आधीसारखीच राहते. मग दुसऱ्या पेल्यात तेवढाच, बिनदुधाचा, दहा मिनिटे उकळून गार केलेला चहा टाकावा. आता फळ नाही, पण हिरडी आवळते. ओली वाइन फळ देते, लाकूड पकड देते, आणि लाकडाला ती द्यायला महिने लागतात. फिनिशमध्ये फळ भरपूर असूनही पकड नसेल तर दारू दुसऱ्या पिंपात फार दिवस राहिलेली नाही, असा अंदाज मी बांधते.

त्यावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे. कोवळी दारू वाइनखाली झाकता येते का? काही अंशी येते आणि झाकलीही जाते. पण झाकण काढायची रीतही सोपी आहे. स्कॉटलंडमध्ये मिश्रण करणारे लोक नमुना 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, कारण त्या तीव्रतेला मद्याची झळ बाजूला होते आणि दोष उघडे पडतात. आपल्या बर्बनच्या 20 मिलिलिटरमध्ये 25 मिलिलिटर साधे, क्लोरिनचा वास नसलेले पाणी घालावे, पेल्यावर बशी झाकून पाच मिनिटे ठेवावी आणि बशी काढताच हुंगावे. ओल्या मक्याच्या पिठाचा, आंबत ठेवलेल्या कणकेचा वास आला तर मूळ दारू कोवळी आहे. तोंडातली खूण म्हणजे पोकळ मध्य : सुरुवातीला फळ, शेवटी तुरटपणा आणि दोहोंच्या मध्ये नुसती ऊब. आपल्या बाटलीत मध्य भरलेला आहे. जेफरसन्सची उभारणी 1997 सालापासून मुख्यतः इतरांकडची मुरलेली दारू निवडून तिची मिश्रणे करण्यावर झाली आहे, आणि इथे ती निवड कामी आलेली दिसते. अशा फिनिशला मी झाकण म्हणणार नाही. याउलट काही बाटल्या मी अशा चाखल्या आहेत की पाणी घालताच द्राक्षे एका बाजूला आणि कच्चा मका दुसऱ्या बाजूला उभा राहिला, आणि दोघांची ओळखही झालेली नव्हती.

वाइनच्या पिंपाचे स्वतःचेही दोष असतात, आणि ते चवीत येतात. रिकामे पिंप आंबू नये म्हणून त्यात गंधकाची वडी जाळतात. गंधक राहून गेला तर दारूला विझलेल्या काडेपेटीचा किंवा दिवाळीनंतरच्या अंगणाचा वास लागतो. गंधक पुरेसा नसेल तर उरलेल्या वाइनचे व्हिनेगर होते, आणि त्यातले आम्ल मद्याशी संयोग पावून इथाइल ॲसिटेट तयार करते, म्हणजे नेलपॉलिशचा वास. एका एप्रिलमध्ये नाशिकहून गोव्याला आलेली सहा पिंपे भर उन्हात चार दिवस ट्रकमध्येच अडकली होती. प्रत्येक पिंपाच्या बुचाच्या भोकाशी नाक लावून ती ‘पास’ करण्याचे काम माझे होते, आणि मला त्या दिवशी सर्दी होती. हे मी कुणाला सांगितले नाही. तीन आठवड्यांनी नमुने काढले तेव्हा चौथ्या पिंपातल्या माल्टला असा काही झणझणीत वास होता की नमुन्याचे बूच उघडताच शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून विचारले, ‘मॅडम, कुणी नखं रंगवतंय का?’ ते पिंप वेगळे काढावे लागले. तेव्हापासून सर्दी असली की मी रजा घेते.

कॅबर्नेची आणखी एक खासियत म्हणजे ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास. द्राक्षे पुरती पिकण्याआधी तोडली की तो वाढतो. आपल्याकडच्या घाईने तोडलेल्या कॅबर्नेत तो मला अनेकदा भेटला आहे. या बाटलीत तो नाही. असता तरी मी त्याला दोष म्हटले नसते, पण मक्याच्या गोडसर दारूशी त्याचे फारसे जमत नाही.

हीच पद्धत भारतीय माल्टमध्ये पाहायची इच्छा झाली तर इंद्री ‘त्रिनी’ चाखावी. तिच्यात बर्बनची, फ्रेंच वाइनची आणि पेद्रो हिमेनेस या गोड शेरी वाइनची अशी तीन प्रकारची पिंपे वापरलेली आहेत. तिथे मक्याऐवजी सातू असल्याने खालची बैठक हलकी आहे, आणि वाइनच्या पिंपाची रेघ शोधायला त्यामुळे सोपे जाते. आपल्याकडच्या उष्णतेत लाकूड आणि दारू यांची देवघेव झपाट्याने होते. केंटकीत वर्षाला 3 ते 5 टक्के दारू पिंपातून उडून जाते, गोव्यात हे प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तिथल्या वर्षभराच्या फिनिशची तुलना इथल्या वर्षाशी करता येत नाही. गोव्यात वाइनच्या पिंपात चार महिने झाले की आम्ही दर आठवड्याला नमुना काढू लागायचो, कारण पकड आवळ होण्यात आणि गळा धरण्यात तिथे फार दिवसांचे अंतर नसते.

हे सगळे वाचून झाल्यावर आपल्याला फरक खरोखर कळतो का, याची परीक्षा घ्यायची असेल तर घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्यावे. तीन सारखे पेले, दोनांत एक बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी 5 मिलिलिटर. कुठला पेला वेगळा ते सांगायचे आणि घोट थुंकून टाकायचा. पेले गडद रंगाचे असावेत किंवा दिवा मंद करावा, नाहीतर तांबूस झाक चुगली करते. एकदा बरोबर येणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, कारण अंदाजाने सांगितले तरी तीनांत एकदा उत्तर जुळतेच. मात्र असे चार डाव खेळून चारही बरोबर आले तर ते केवळ नशिबाने घडण्याची शक्यता 81 पैकी 1 एवढीच उरते. दोन डाव एका दिवशी आणि दोन दुसऱ्या दिवशी घ्यावेत, नाहीतर साचलेला तुरटपणा तिसऱ्या-चौथ्या डावात सगळ्याच पेल्यांना एकसारखे करून टाकतो. एक डाव नाक दाबून खेळून पाहावा. त्यात उत्तर बरोबर आले तर आपण ते हिरड्यांनी दिले, असे समजायला हरकत नाही.

राहिली बाटलीची काळजी. वाइनच्या पिंपातून आलेले फळाचे वास हे या बर्बनमधले सर्वांत नाजूक गंध आहेत आणि बाटली निम्म्याहून रिकामी झाली की आतल्या हवेने तेच आधी फिके पडतात. तुरटपणा मागे राहतो, आणि मग बाटली दिवसेंदिवस ‘कोरडी होत चालली’ असे वाटू लागते. अर्ध्यावर आली की ती 180 किंवा 375 मिलिलिटरच्या लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवावी. वाइनसारखी आडवी ठेवू नये, कारण 45 टक्क्यांचे मद्य बुचाला खाते. लहान बाटली खोकल्याच्या औषधाची नसावी. तो वास कितीही धुतला तरी जात नाही, हे मी अनुभवाने सांगते आहे.